ठाण्याच्या दमट हवेत एअर रायफलचा हातपंप: वापरानंतरचा अनुभव

तीन टप्प्यांचा हातपंप, १० मीटरवरच्या नेमबाजीची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल, २०० बारचा (वातावरणाच्या साधारण २०० पट दाबाचा) सिलिंडर, जागा घोडबंदर रोड. अख्खा पावसाळा धरून वापरल्यावरचा निकाल आधीच सांगतो: दाब द्यायला पंप कुठेच कमी पडत नाही, हवा कोरडी करण्यात मात्र साफ नापास. घेताना सगळे ‘दम किती लागतो’ एवढंच विचारतात. दम लागतो, पण तो खरा प्रश्न नव्हे.

सिलिंडर ०.२ लिटरचा धरला तर १०० वरून २०० बारवर न्यायला खोलीतली २० लिटर हवा लागते. म्हणजे साधारण सत्तर-ऐंशी स्ट्रोक. शेवटचे वीस दंडाच्या जोरावर होत नाहीत. कोपरं सरळ ठेवून अंगाचं वजन टाकायचं. दांडा पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि खाली सेकंदभर थांबायचं. अर्धवट स्ट्रोक मारले तर घाम निघतो, दाबाचा काटा हलत नाही. चाळीसेक स्ट्रोकनंतर दहा-पंधरा मिनिटं विश्रांती द्यायची, ती पंपाला. बूड तापलेलं असताना रेटलं तर शेवटच्या टप्प्याची ओ-रिंग (हवा अडवणारी गोल रबरी कडी) लवकर जाते.

आता पाणी. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. वरच्या २० लिटरमध्ये झाली अर्धा ग्रॅम. दाबलेल्या हवेत त्यातली काही मिलिग्रॅमच वाफ म्हणून राहू शकते. बाकीचं पाणी होऊन पंपात, होजमध्ये नाहीतर सिलिंडरमध्ये बसणारच. पंपासोबत हवा ओढण्याच्या तोंडाशी सिलिका जेलची जी डबी येते, ती जवळपास शोभेची. जेल साधारण आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं पाणी धरते, म्हणजे पाच ग्रॅमची डबी कागदावरसुद्धा अडीच वेळा भरण्यापुरतीच. त्यात स्ट्रोकच्या वेगाने जाणारी हवा तिथे पुरती सुकतही नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एसी तासभर चालवून, दार लावून त्याच खोलीत भरणं. २४ अंश, ५० टक्क्यांना वाफ घनमीटरमागे ११ ग्रॅमवर येते; निम्म्याहून जास्त काम तिथेच झालं. दुसरा, पंप आणि सिलिंडर यांच्यामध्ये ३०० बारचा वेगळा फिल्टर, आत मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषणारे दाणे. यावर पैसे खर्च करा, पंपाच्या ‘प्रो’ आवृत्तीवर नको. तिसरा, मधल्या प्रत्येक विश्रांतीत ब्लीड स्क्रू (होजमधली हवा सोडायचा स्क्रू) सोडून साचलेलं पाणी उडवणं. अडॅप्टरची किंवा सिलिंडरची झडप एकमार्गी आहे याची खात्री मात्र आधी करा, नाहीतर भरलेली हवाही जाईल.

बिघाड ओळखायला सोपे आहेत. दाबून सोडलेला दांडा आपोआप वर येत असेल तर आतली झडप गळतेय. दांडा हलका जातोय आणि काटा जागचा हलत नाही, तर पिस्टनची ओ-रिंग गेली. उघडल्यावर पांढरी लापशी दिसली तर ते ग्रीसमध्ये मिसळलेलं पाणी आहे. पुसून, सुकवून, शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. मशीन ऑइल, व्हॅसलिन, डब्ल्यूडी-४० यातलं काहीही नको. या दाबाला हवा इतकी तापते की तेल पेट घेऊ शकतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून भरण्याचा सल्ला देणारेही भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा.

ओल रायफलमध्ये गेली की पहिला बळी रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग. त्याची झडप जिथे टेकते त्या सीटवर गंज किंवा कचरा बसला की दाब हळूहळू चढतो आणि थोडं थांबून मारलेला पहिला शॉट जास्त वेगाने जातो. छर्र्याचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर १७२ च्या जागी १७७ मीटर प्रतिसेकंद दिसले, तर नुसत्या हिशेबाने १० मीटरवर छर्रा जवळपास ०.९ मिमी वर लागतो. गुण दशांशांत मोजले तर एक दशांश म्हणजे लक्ष्यावर ०.२५ मिमी, तेव्हा साडेतीन दशांश गेले. ६० शॉटच्या सामन्यात दर वेळी श्वास सावरायला थांबणाऱ्याला हे फार महाग पडतं, आणि तो बिचारा आपल्या ट्रिगरला दोष देत बसतो.

एका नेमबाजाला हातपंप पुरतो. घरात दोघं असतील किंवा पनवेल-ठाण्याकडच्या क्लबांसारखा रोजचा सराव असेल, तर स्कूबा सिलिंडर बघा. १२ लिटरचा, २०० बारचा सिलिंडर वरच्यासारख्या एका भरण्याला जेमतेम पावणेदोन बार उतरतो, आणि डायव्हिंगची हवा मुळात कोरडी असते. घेताना हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या मजबुतीच्या चाचणीची) तारीख बघा. रायफलच्या सिलिंडरवरची तारीखही बघा: उत्पादकाने दिलेली मुदत, जास्तीत जास्त १० वर्षं, उलटली असेल तर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार तो चालत नाही, मग आत कितीही कोरडा असो.