मुंबईच्या गॅलरीत कीटकभक्षी झाडं बियांपासून: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनपासून घरात कीटकभक्षी झाडांच्या बिया रुजवतेय. वर्ष होत आलं. आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, उगवणारा दवबिंदू (ड्रोसेरा बर्मानी, इंग्रजीत सनड्यू), त्याचाच दक्षिण आफ्रिकेतला भाऊबंद केप सनड्यू आणि जबड्यासारख्या पानांत किडा पकडणारा अमेरिकेतला व्हीनस फ्लायट्रॅप अशा जाती लावल्या. मुंबईत राहणाऱ्याने पहिलं बी घ्यायचं तर बर्मानीचंच घ्यावं, हे आता मी खात्रीने सांगते. बहुतेक जण फ्लायट्रॅपच्या मोहात पडतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी बियांबद्दल, कारण पैसे तिथेच बुडतात. ऑनलाइन निळ्या फ्लायट्रॅपची पाकिटं सर्रास मिळतात. असं झाडच नसतं. एका विक्रेत्याच्या पाकिटातून मला चक्क गवत उगवलं आणि पैसेही परत मिळाले नाहीत. फ्लायट्रॅपचं खरं बी काळं कुळकुळीत, चकचकीत, जेमतेम एक मिलिमीटरचं आणि एका टोकाला निमुळतं असतं. सनड्यूचं बी म्हणजे काळी धूळच, पाकीट उघडताना पंखा बंद हवा. बी ताजं हवं. जुनं बी रुजायला फार वेळ लावतं किंवा रुजतच नाही. म्हणून स्वतः झाडं वाढवणाऱ्या माणसाकडूनच घ्यावं. कासच्या पठारावर दवबिंदू दिसतो म्हणून तिथून उपटून आणायचा विचार मनातही येऊ देऊ नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तसं उपटलेलं झाड घरी जगतही नाही.

मातीत खत अजिबात चालत नाही. ही झाडं निकस, पाणथळ जागेतली. नत्र किड्यांमधून मिळवायची सवय असल्यामुळे मुळांना क्षार सोसत नाहीत. नर्सरीतलं तयार पॉटिंग मिक्स, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही घातलं तरी रोपं जळतात. मी साधं पीट मॉस (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुगा) आणि परलाइट (भाजून फुलवलेले हलके पांढरे खडे) वापरते, कुंड्या प्लास्टिकच्या. पीटच्या पिशवीवर खत मिसळल्याचा उल्लेख नाही ना, ते वाचून घ्या. कोकोपीट स्वस्त पडतं, पण त्यात मीठ असतं आणि कितीही धुतलं तरी माझा त्यावर भरवसा बसत नाही.

खरा मुद्दा पाण्याचा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत असावा. आमच्या इमारतीत नळाचं पाणी मीटरवर साठ-सत्तर दाखवतं, आणि टँकर आला की तोच आकडा चारशेच्या वर जातो. त्यामुळे मीटर आधी घ्या, बी नंतर. पावसाळ्यात मात्र मुंबईकराइतका श्रीमंत कोणी नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आपल्याकडे. धूळ वाहून नेणाऱ्या पहिल्या सरी सोडून द्यायच्या आणि मग गॅलरीत बादल्या लावायच्या. मी झाकणाच्या कॅनमध्ये साठवते, दिवाळी सहज निघते. पुढे आरओचं पाणी, तेही मीटरवर तपासून.

कुंड्या सेंटिमीटरभर पाणी असलेल्या ट्रेमध्ये ठेवायच्या असतात, आणि इथे डेंग्यूचा विचार करायलाच हवा. एडिस डासाला तेवढं साचलेलं पाणी पुरतं. महापालिकेची माणसं घरोघरी साठलेलं पाणी तपासतात ते उगाच नाही. मी ट्रे दर तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामा करून, घासून पुन्हा भरते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी या नादाला लागू नये, असं मी स्पष्टच सांगेन.

बी पेरायचं म्हणजे ओल्या पीटवर नुसतं भुरभुरायचं. वर माती घालायची नाही, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. पावसाळी अंधारात खिडकीचा उजेड पुरत नाही, म्हणून साधी पांढरी एलईडी ट्यूब वीतभर वर टांगून रोज बारा-तेरा तास चालू ठेवली. थंड, कोरड्या देशांतली माणसं कुंडीवर प्लास्टिक झाका म्हणतात. जुलैच्या मुंबईत झाकलं तर बुरशी ठरलेली. हवेतच इतकी ओल असते की उघडंच ठेवावं, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत झाकावं.

बर्मानी दोन-तीन आठवड्यांत रुजला. आधी टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसतात, शेवाळ वाटावं असे. भिंगातून पाहिलं की दोन इवलीशी पानं दिसतात. त्यामागून येणाऱ्या पहिल्याच खऱ्या पानावर तांबूस केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एवढ्याशा पानावर पीटमधलं चिलट अडकलेलं पाहिलं तेव्हा मी शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं. मोठ्या रोपाच्या कडेचे लांब केस तर किडा टेकताच काही सेकंदांत आत वळतात, डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने. खायला म्हणून मी माशांच्या खाद्याची पूड सुईच्या टोकाने अधूनमधून देते. त्याहून जास्त दिलं की पान कुजतं.

थंडीच्या सुरुवातीला पांढरी फुलं आली, आपोआप बी धरलं आणि झाडं वाळली. वर्षायूच आहे ते, त्यामुळे झाड मेलं म्हणून खचू नका. वाळलेला दांडा पांढऱ्या कागदावर झटकला की पुढच्या पेरणीपुरतं बी निघतं. कागदी पुडीत बांधून, हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवायचं. त्यातलंच फेब्रुवारीत पेरलेलं आज मेच्या उकाड्यातही तजेलदार आहे.

केप सनड्यू तितक्याच सहज रुजला आणि थंडीत देखणा झाला, पण एप्रिलपासून त्याच्या पानांवरचे थेंब आटलेत. तो मी पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत सांभाळतेय. पुढच्या खेपेला ऑक्टोबरमध्ये पेरेन.

फ्लायट्रॅपला रुजायला महिन्याच्या वर लागला. रोपं जिवंत आहेत, सापळे तांदळाच्या दाण्याहून लहान. पूर्ण वाढायला तीन-चार वर्षं लागतात. शिवाय हे झाड कॅरोलायनाचं, त्याला दरवर्षी तीनेक महिने कडक थंडीची झोप हवी असते, ती मुंबई देऊ शकत नाही. कोवळ्या रोपांना पहिला हिवाळा झोपेविना चालतो, तो निघाला. येत्या डिसेंबरात मुळांभोवती ओलं मॉस गुंडाळून ती फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवणार आहे. आईने जागा द्यायला होकार दिलाय.