लिपिड प्रोफाईल, घरून सॅम्पल : सर्व्हिस झकास, एलडीएलचा आकडा मात्र भागाकाराचा

अण्णांचं लिपिड प्रोफाईल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायचं होतं, लातुरातल्याच एका लॅबला घरी बोलावलं. नाव लिहीत नाही, कारण असा रिपोर्ट बऱ्याच ठिकाणी देतात. पोरगं सकाळी सातला दारात हजर, नस एका दमात सापडली, आणि सुई लावायच्या आधी रात्री कितीला जेवलात, चहा झाला का हे नीट विचारलं. दुपारी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट. इथवर पाच स्टार.

आता रिपोर्ट बगा. टोटल कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) ३४०, व्हीएलडीएल (ही चरबी वाहून नेणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल) ६८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०८. अण्णा खूश, लई काही वाढलं नाही म्हणायलेत. पण ३४० ला ५ नं भागलं की बरोब्बर ६८ येतात. म्हणजे व्हीएलडीएल मोजलंच नाही, नुसतं भागलं, आणि २१२ मधून ३६ अन् ६८ वजा करून जे उरलं ते एलडीएल म्हणून छापलं!

हा फ्रीडवाल्डचा फॉर्म्युला, १९७२ चा. तेव्हा एलडीएल वेगळं करायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे प्रचंड वेगानं फिरवणारं मशिन, लागायचं, ते टाळायला ४४८ पेशंटच्या आकड्यांवरून हा शॉर्टकट काढला. आडतीवर बारदान न मोजता कट्ट्यामागं ठरलेलं वजन कापतात ना, तसंच हे. आता ट्रायग्लिसराईड वाढले की लिव्हर चरबीनं भरलेले मोठाले व्हीएलडीएल कण सोडतं, त्यात कोलेस्टेरॉल त्या मानानं कमी असतं, मग ५ नं भागून व्हीएलडीएल जास्त धरलं जातं अन् एलडीएल कमी दिसतं. जेवल्यावर तर कायलोमायक्रॉनची (जेवणातली चरबी वाहणाऱ्या कणांची) भर पडून हिशोब अजूनच बिघडतो, पोरानं चहाचं विचारलं ते उगं नाही.

ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर असले की हा फॉर्म्युला वापरत नाहीत. आमचे ३४० होते म्हणून लॅब नियमात बसते, ते मान्य. पण २०१३ मध्ये मार्टिन नावाच्या संशोधकानं ५ च्या जागी बदलता आकडा दिला, १८० खणांचा तक्ता आहे त्याचा, आणि २०२० चं सॅम्पसनचं समीकरण ८०० पर्यंत चालतं. तेच मोबाईलवर मांडलं तर अण्णांचं एलडीएल ११७ येतं. तेसुद्धा गणितच, पण सॉफ्टवेअरमध्ये टाकायला काय पैसे पडतात का?

काउंटरला फोन केला तर "सर ते मशिनमधूनच तसं येतं". रिपोर्टवर 'कॅल्क्युलेटेड' एवढा एक शब्द टाकला असता तरी माझी तक्रार नव्हती. नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल सोडून बाकीचं कोलेस्टेरॉल, ते पण छापत नाहीत, २१२ वजा ३६, १७६, दोन्ही मोजलेले आकडे, त्यात ५ ची भानगडच नाही. डॉक्टरांनी तेच पेननं बाजूला लिहिलं अन् ३४० ला गोल केला.

एकूण तीन स्टार. पुढच्या वेळी पोरगं हेच पाठवा म्हणणार, आणि डायरेक्ट एलडीएल, म्हणजे थेट मोजलेलं, लावा, वरचे पैसे देतो, हे सॅम्पल घ्यायच्या आधीच सांगणार.