लाइट मीटरसोबत नऊ महिने: पांढरी साडी, सावळा चेहरा आणि नागपूरचं ऊन

मी नागपुरात लग्नांचे फोटो काढतो. त्यातली बरीच लग्नं बौद्ध पद्धतीची असतात. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, मागचा पडदाही पुष्कळदा पांढरा. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका लग्नाचा अल्बम द्यायला गेलो, तेव्हा नवरीच्या मावशीने पान उघडलं आणि म्हणाल्या, "भाऊ, साडी तर पांढरीशुभ्र होती आमच्या पोरीची. इथं मळकी काऊन दिसून राहिली? अन् पोरगी एवढी काळी आहे का?"

मावशींचं खरं होतं. अल्बम छापणाऱ्याकडून चेहरे उजळवून घेतले, तर ते पीठ फासल्यासारखे राखाडी आले. मुलगी सावळी, चेहऱ्यावर छान तकाकी असलेली. तिचा रंग पहिल्या फोटोत नव्हता आणि दुसऱ्यातही नव्हता. ते मला फार लागलं. ऑगस्टमध्ये हातातला लाइट मीटर (उजेड मोजणारं छोटं यंत्र) घेतला, तो त्यामुळेच.

माझ्याकडे सेकॉनिक एल-३०८एक्स आहे. शर्टाच्या खिशात मावतो, एका पेन्सिल सेलवर चालतो. पुढे पांढरा अर्धगोल घुमट आहे, तो सरकवून बाजूला करता येतो. घुमट लावला की मीटर त्या जागी पडणारा प्रकाश मोजतो. बाजूला केला की कॅमेऱ्यासारखा, समोरच्या वस्तूवरून परत येणारा.

सगळी गोम या दोन मोजण्यांच्या फरकात आहे आणि बारा वर्षं फोटो काढूनही मला ती नीट कळली नव्हती. कॅमेऱ्यातला मीटर परत आलेला प्रकाश मोजतो. समोर पांढरी साडी आहे की काळा कोट, हे त्याला ठाऊक नसतं. जे दिसेल ते मधल्या राखाडी छटेचं आहे, असं धरून तो आकडा देतो. (दुकानात १८ टक्केवालं राखाडी कार्ड मिळतं, साधारण तीच छटा.) त्यामुळे चौकट पांढऱ्याने भरली की तो प्रकाश कमी करतो, साडी मळते आणि सावळा चेहरा पार बुडतो. काळ्याने भरली की उलट. घुमटवाल्या मीटरला साडीही दिसत नाही आणि चेहराही दिसत नाही. तिथे ऊन किती आहे, एवढंच तो सांगतो. मग पांढरं पांढरं येतं, सावळं सावळं येतं.

हे मला पटलं ते मारबतीच्या दिवशी, म्हणजे नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभा होतो, आभाळ भरलेलं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ४००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८. आधी पिवळी मारबत चौकटभर घेतली, कॅमेरा म्हणाला, शटर १/१००० सेकंद. काळी समोर आली, तर १/१२५. आभाळ तेच, जागा तीच, मिनिटांचा फरक, आणि आकड्यांत तीन स्टॉपचं अंतर! (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) मीटर हातात धरला, दोन्ही वेळा १/५००. त्या आकड्यावर काढलेल्या फोटोत काळी मारबत खरोखर काळी आहे. आधी माझ्याकडे ती दरवर्षी धुरकट यायची. मारबतीजवळ जायला गर्दीत जागा नव्हती, पण गरजही पडली नाही. तिच्यावर आणि माझ्यावर एकाच आभाळाचा प्रकाश होता. मिरवणूक अरुंद गल्लीत शिरली की मात्र पुन्हा मोजावं लागतं.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पूर्ण दिवस होतो. पांढरा स्तूप, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, डोक्यावर ऊन. कॅमेऱ्यावर सोडलं असतं तर भरदुपार संध्याकाळसारखी आली असती. निरभ्र उन्हात मीटर जवळपास जुन्या नियमावरच येतो: आयएसओ १००, एफ १६, १/१२५. फक्त थेट उन्हातल्या पांढऱ्या कापडाचं विणकाम जपायला मी मीटरच्या आकड्यापेक्षा एक तृतीयांश स्टॉप कमी ठेवतो. डिजिटलमध्ये पांढरं एकदा फुटलं की परत मिळत नाही.

लग्नात आता पद्धत ठरली आहे. विधी सुरू होण्याआधी नवरीच्या खुर्चीपाशी जायचं, घुमट चेहऱ्याच्या उंचीवर धरून कॅमेऱ्याच्या दिशेने करायचा आणि आपल्याच अंगाची सावली त्यावर पडू द्यायची नाही. शेवटची चूक मी पहिले दोन महिने केली. छताला आपटून येणारा फ्लॅशही असाच मोजतो: मीटर फ्लॅशवर ठेवायचा, सोबतच्या पोराला फ्लॅश मारायला सांगायचं, एफचा आकडा समोर येतो. एक मात्र लक्षात घ्या, मीटर रंग सांगत नाही. लाल-पिवळ्या मंडपाखाली एक्सपोजर (फोटोत घेतलेला उजेड) अचूक असूनही चेहरे केशरी येतात. त्याला व्हाइट बॅलन्सच, म्हणजे कॅमेऱ्याची रंग जुळवायची सोयच बघावी लागते.

आता हा मीटर कुठे चालत नाही. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त घ्यायचा असेल तर घुमट कामाचा नाही, कारण तिथे आकाशच उजेड देतं. रोषणाई, दिवे, कारंजी, यांचंही तेच. घुमट बाजूला करून मोजता येतं, पण तेव्हा तो समोरचा ४० अंशांचा भाग एकत्र मोजतो, लांबचा एखादा ठिपका वेगळा मोजता येत नाही. ज्याला तेवढंच हवं त्याने स्पॉट मीटर बघावा. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारी काच) लावला तर त्याचे दीड-दोन स्टॉप आपणच धरायचे. अंबाझरी तलावावर मी ते विसरलो आणि सकाळभराचे फोटो अंधारे आले. धावपळीतही मीटर बाहेर निघत नाही. वरातीत नाचणाऱ्यांमध्ये मीटर धरून कोण उभं राहणार? तिथे सुरुवातीला एक आकडा घेतो, कॅमेरा मॅन्युअलवर टाकतो, पुढे अंदाजाने.

पण तो अंदाज आता बरोबर येतो. मोजायच्या आधी मनात आकडा धरायची सवय लावून घेतली. सुरुवातीला दोन-दोन स्टॉप चुकायचो, आता बहुतेक वेळा अर्ध्या स्टॉपच्या आत असतो.

फेब्रुवारीत त्याच मावशींच्या घरी दुसरं लग्न होतं. मला पुन्हा बोलावलं, याचंच मोठं समाधान. अल्बम नेला तेव्हा त्यांनी नवरीचा फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला, मग आतून पोरीलाच हाक मारली आणि फोटो तिच्या गालाशी धरला. "हां," म्हणाल्या, "ही आमचीच आहे."