खणागणिक नियम की सगळ्या खणांना एकच?

ग्रॅहम नेल्सन यांच्या इन्फॉर्म ७ या, मजकुरावर चालणाऱ्या संवादी कथा लिहिण्याच्या भाषेत एका टेबलाला सहा खण आहेत आणि कोणताही उघडू पाहिला तरी तो अडकलेला आहे, असे सांगायचे आहे, असे समजू. पहिल्या पद्धतीत प्रत्येक खणासाठी स्वतंत्र ‘इन्स्टेड’ नियम, म्हणजे नेहमीच्या कृतीऐवजी काय घडेल हे सांगणारा नियम, लिहिला जातो. दोन खणांपुरते हे सरळ आहे. सहा झाले की तेच वाक्य सहा वेळा चिकटवावे लागते आणि पुढे शब्द बदलताना एखादा खण हमखास राहून जातो (माझा पाचवा राहिला होता). दुसऱ्या पद्धतीत खण हा कंटेनरचा (ज्यात वस्तू ठेवता येतात अशा वस्तूचा) एक प्रकार म्हणून घोषित करून नियम त्या प्रकारासाठी एकदाच लिहायचा आणि उत्तरात चौकटी कंसात ‘द नाउन’ ठेवायचे, म्हणजे वाचकाने ओढलेल्या खणाचेच नाव छापले जाते. खरी सोय अपवादांत आहे. तिसरा खण कुलूपबंद असेल, तर त्याच्यापुरता वेगळा नियम लिहावा. तो मजकुरात कुठेही असला, तरी अधिक नेमका असल्यामुळे आधी तपासला जातो. मी तीन सारख्या वस्तू दिसल्या की प्रकारच करतो. मात्र सहाही खणांची उत्तरे वेगळी असतील, तर प्रकार करून फारशी मेहनत वाचत नाही.