बकिंगहॅम काऊंटीतले पूर्वज शोधायचेत: कोर्टहाऊस, रिचमंड की घरबसल्या वेबसाइट?

रिचमंडहून रूट ६० धरून पश्चिमेला निघालं की सव्वा-दीड तासात व्हर्जिनियाची बकिंगहॅम काऊंटी लागते. या भागातल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण इथे एकदा तरी येऊन गेलेले असतात, पण ते योगाव्हिलसाठी. स्वामी सच्चिदानंदांच्या आश्रमातलं कमळाच्या आकाराचं मंदिर बघायचं, जेम्स नदीकडे तोंड करून फोटो काढायचे आणि परत फिरायचं. काऊंटीचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. माझ्याही राहिलं नव्हतं. मग मुलाचं लग्न झालं आणि कळलं की सुनेच्या आईकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. नातीच्या बारशाला मी आमच्या घराची वंशावळ सात पिढ्यांपर्यंत मांडून दाखवली, तेव्हा विहीणबाई हसत म्हणाल्या, "आणि आमची बाजू कोण लिहिणार?" निवृत्त झालेली मीच होते. बसले लिहायला.

त्याला आता दोन वर्षं झाली. अमेरिकन सून किंवा जावई असलेल्या मैत्रिणी हल्ली मला एकच प्रश्न विचारतात: सुरुवात कुठून करू? काऊंटीत जाऊ, रिचमंडच्या लायब्ररीत बसू, की सरळ वेबसाइटला पैसे भरू? काऊंटी वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येतं. मी बकिंगहॅमपुरतं सांगते, आणि बकिंगहॅमपुरतं ते एका सालावर फिरतं: १८६९.

त्या साली इथलं कोर्टहाऊस जळालं. थॉमस जेफरसनच्या आराखड्यावर बांधलेली इमारत होती ती. काऊंटी स्थापन झाली १७६१ मध्ये, म्हणजे शंभरावर वर्षांची खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि लग्नाचे कागद बहुतेक एका फटक्यात गेले. वंशावळवाले अशा ठिकाणांना 'जळालेल्या काऊंट्या' म्हणतात आणि व्हर्जिनियात त्या बऱ्याच आहेत. शेजारची अपोमॅटॉक्स १८४५ मध्ये बकिंगहॅमचा एक तुकडा आणि आणखी तीन काऊंट्यांचे तुकडे जोडून तयार झाली. तिचं कोर्टहाऊस १८९२ मध्ये जळालं. तुमच्या सुनेचे पूर्वज नेमके त्या तुकड्यात राहणारे असतील तर त्यांना दोन आगी लागल्या म्हणायच्या.

म्हणून पहिलं ठरवायचं ते हे: तुम्ही शोधताय तो माणूस १८६९ च्या अलीकडचा की पलीकडचा?

अलीकडचा असेल तर कोर्टहाऊसला तोड नाही. व्हर्जिनियात १८५३ पासून लग्नाच्या नोंदीत वधूवरांचं वय, जन्मस्थान आणि दोघांच्याही आईवडिलांची नावं लिहायची पद्धत आहे. वधूच्या आईचं नाव! आपल्याकडच्या जुन्या वंशावळीत मुलीच धड नोंदलेल्या नसतात, तिथे हे बघून मला हेवा वाटला. शिवाय खरेदीखतात नवरा-बायको दोघांच्या सह्या असतात आणि मृत्युपत्रात लेकी-जावयांची नावं येतात. अनुक्रमणिकेची जाडजूड पुस्तकं स्वतः उचलून चाळायची, विकणाऱ्यांची वेगळी आणि घेणाऱ्यांची वेगळी. झेरॉक्सला पानामागे अर्ध्या डॉलरपर्यंत लागतात, बघायला काही पडत नाही. कोर्टाचं दप्तर सांभाळणाऱ्या क्लार्कच्या ऑफिसातली माणसं मदत करतात, फक्त "आमचं सगळं घराणं शोधून द्या" असं म्हणू नये. नाव, अंदाजे साल आणि कुठला कागद हवा ते सांगावं. आपल्याकडे तलाठ्यासमोर गट नंबर न घेता उभं राहिलं तर काय होतं, ते आठवावं.

पलीकडचा असेल तर मात्र कोर्टहाऊसला जाण्यात अर्थ नाही. मी गेले होते, आगीबद्दल काही न वाचता, हा मूर्खपणा माझाच. कपाटं नीट लावलेली, पुस्तकं झोकात उभी, आणि हव्या त्या सालाचं एकही नाही. इथल्या सरकारी भूमापकाची जुनी नकाशांची वही तेवढी आगीतून वाचली आहे.

अशा वेळी रिचमंड. सरकारी खाक्याप्रमाणे बऱ्याच गोष्टींची एक प्रत राजधानीला जायची आणि ती प्रत जळाली नाही. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात बकिंगहॅमच्या शेतसाऱ्याच्या आणि जंगम मालमत्तेवरच्या कराच्या याद्या १७८२ पासून मायक्रोफिल्मवर आहेत. प्रवेश फुकट. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तुमच्या गावच्या लायब्ररीमार्फत रीळ मागवताही येतं. जन्म, मृत्यू आणि लग्नाच्या वार्षिक याद्यांच्या प्रतीही १८५३ पासून राज्याकडे जायच्या, त्यामुळे आगीच्या आधीच्या पंधराएक वर्षांसाठी तिथेच आशा धरावी.

कराची यादी वाचायला रुक्ष वाटते. मालकाचं नाव, एकर, किंमत, कर. पण १८१४ पासून तिच्यात एक रकाना वाढला: जमीन कोर्टहाऊसपासून किती मैलांवर आणि कोणत्या दिशेला. इतके मैल, ईशान्य. खरेदीखत जळालं तरी माणूस कुठे राहायचा ते या एका रकान्यातून जवळजवळ नकाशावर टिंब ठेवावं इतकं कळतं. माझ्या यादीत एकाच नावाचे तीन जण होते आणि मला महिनाभर त्यांनी छळलं. शेवटी दिशेनेच सोडवलं: एक ईशान्येचा, एक दक्षिणेचा, आणि तिसरा दर वर्षी त्याच जागी, पण एकर कमी कमी होत जाणारा. मुलांना वाटून देत असणार. आणि खरंच, पुढच्या सालांत त्याच दिशेला, तेवढ्याच मैलांवर, त्याच आडनावाचे दोन नवे मालक उगवले. बाप-लेकाचं नातं सांगणारा एकही कागद हातात नसताना नातं दिसायला लागलं. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचायची सवय असलेल्या माणसाला हे काम पटकन जमतं, असं माझं मत आहे.

एक इशारा. यादीत नावापुढे 'सीनियर' आणि 'ज्युनियर' दिसलं की लगेच बाप-लेक धरू नका. त्या काळी एका गावातल्या एकाच नावाच्या दोघांना ओळखायची ती सोय होती, आपल्या थोरला-धाकटासारखी. काका-पुतणे असतील, काहीच नातं नसलेलेही असतील. थोरला वारला की काल-परवाचा धाकटा थोरला व्हायचा.

याच लायब्ररीच्या संकेतस्थळावर जळालेल्या काऊंट्यांसाठी वेगळा संग्रह आहे. बकिंगहॅमच्या माणसाने दुसऱ्या काऊंटीत दावा लावला असेल, तर पुरावा म्हणून जोडलेली त्याच्या मृत्युपत्राची नकल त्या दुसऱ्या काऊंटीत टिकून राहते. असे कागद हुडकून तिथे ठेवलेत. वाटणीच्या दाव्यांची सूचीही आडनावाने शोधता येते. भाऊबंदकी जितकी कडाक्याची तितकी वंशावळ पक्की, हे काही फक्त कोकणातच खरं नाही.

आता वेबसाइटी. फॅमिलीसर्च फुकट आहे. मॉर्मन चर्चची संस्था ती चालवते आणि तिचं मुख्य ग्रंथालय सॉल्ट लेक सिटीला आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म याच लोकांनी काढून ठेवली आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या वंशावळीसाठीही कधी उपयोग होईल. अन्सेस्ट्रीला पैसे लागतात: साध्या योजनेला महिन्याला २५ डॉलरच्या आसपास, वरच्या योजना त्याहून महाग. दोन्हीकडे जनगणना आहे, आणि नवख्या माणसाला सगळ्यांत आधी जनगणनाच हवी असते. मग पैसे कशाचे? शोधण्याच्या सोयीचे, आणि व्हर्जिनियाच्या १९१२ नंतरच्या जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचे. अन्सेस्ट्रीवर ते उघडून बघता येतात. जन्माची नोंद शंभर वर्षं आणि मृत्यू-लग्नाची पंचवीस वर्षं गुप्त असते, ती मुदत उलटलेले. मृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. त्या एका ओळीसाठी महिन्याचे पैसे भरायला हरकत नाही. पण आधी तुमच्या गावच्या लायब्ररीत विचारा. बऱ्याच ठिकाणी अन्सेस्ट्रीची लायब्ररी आवृत्ती फुकट बघता येते. मी वर्षाची वर्गणी भरली होती. आता भरणार नाही. प्रश्नांची यादी करून एक महिना घ्यायचा, सगळे कागद उतरवून घ्यायचे आणि बंद करायचं.

लोकांनी तयार करून ठेवलेल्या आयत्या वंशवृक्षांच्या मात्र नादी लागू नका. एका संकेतस्थळावर विहीणबाईंच्या खापरपणजीचं आयतं झाड सापडलं म्हणून आम्ही केवढे खूश झालो होतो! नीट बघितलं तर बाई नवव्या वर्षी आई झालेली, आणि शेवटचं मूल ती वारल्यावर जन्मलेलं. तेच झाड पंधरा जणांनी जसंच्या तसं उतरवून घेतलेलं. पंधरा ठिकाणी दिसलं म्हणजे पंधरा पुरावे झाले असं नव्हे.

जनगणनेबद्दल थोडक्यात. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं काय तेही. १८९० चे कागद वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत जवळपास सगळे गेले. १९५० ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, त्यापुढची अजून नाही. व्हर्जिनियात १८९६ ते १९१२ या काळात जन्म-मृत्यूची राज्यभर नोंदणीच नव्हती, त्यामुळे त्या वर्षांसाठी पुन्हा १९०० आणि १९१० च्या जनगणनेकडेच यावं लागतं. १९०० च्या पानावर जन्माचा महिना आणि साल आहे, आणि बाईला किती मुलं झाली नि त्यांतली किती जगली तेही. विहीणबाईंच्या एका पूर्वज बाईंच्या रकान्यात ११ आणि ६ लिहिलंय. ती पाच नावं मला कुठेच मिळालेली नाहीत.

'अलीकडे-पलीकडे' हा हिशोब गोऱ्या कुटुंबांसाठी झाला. सून किंवा जावई कृष्णवर्णीय घराण्यातले असतील तर सीमारेषा १८७० ची. गुलामगिरीत असलेल्यांची नावं पहिल्यांदा नीट लिहिली गेली ती १८७० च्या जनगणनेत. १८५० आणि १८६० च्या याद्यांत मालकाचं नाव, आणि खाली माणसांची फक्त वयं, लिंग आणि वर्ण. त्याआधीचा शोध मालकाच्या कागदांतून, म्हणजे मृत्युपत्रांतून आणि मालमत्तेच्या याद्यांतून घ्यावा लागतो, आणि इथे ते कागदही त्याच आगीत गेले. म्हणून अशांनी १८७० वरून मागे सरकताना आधी फ्रीडमेन्स ब्युरोचे, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या सरकारी खात्याचे कागद बघावेत (फॅमिलीसर्चवर फुकट) आणि मग लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचा 'व्हर्जिनिया अनटोल्ड' हा कृष्णवर्णीयांबद्दलच्या कागदांचा संग्रह. १७८० च्या दशकातल्या काही कर-याद्यांत गुलामांचीही नावं आहेत. वाचताना पोटात खड्डा पडतो, कारण पुढच्याच रकान्यात घोडे आणि गुरं मोजलेली असतात. ज्यांनी १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला ते कार्टर वुडसन याच काऊंटीतल्या न्यू कँटनचे, जन्म १८७५. त्यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले.

दफनभूमीसाठी 'फाइंड अ ग्रेव्ह' ही थडग्यांच्या नोंदींची वेबसाइट आधी बघून जावं, पण त्यावर सगळी थडगी नसतात. शेतांतली, झाडीत बुडालेली घरगुती थडगी इथे पुष्कळ. काऊंटीच्या उत्तरेला आर्व्होनियात पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत. आपण ज्या पाटीवर मुळाक्षरं गिरवली त्याच जातीचा दगड, आणि त्यावरची अक्षरं संगमरवरापेक्षा कितीतरी छान टिकतात. हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात गोचिडी आणि साप.

डीएनए चाचणी मी शेवटी ठेवीन. चार-पाच पिढ्यांपर्यंतचे नातेवाईक त्यातून जुळतात, पण अशा छोट्या काऊंटीत चुलत-आते-मामे घराण्यांत पुन्हा पुन्हा लग्नं झालेली असतात, त्यामुळे नातं आहे त्यापेक्षा जवळचं भासतं. कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी मात्र १८७० ची भिंत ओलांडायला तिचा खरा उपयोग होतो, त्यांनी ती लवकर करावी.

तर १८६९ नंतरचे दोन-तीनच जण हवे असतील, तर लायब्ररीतली फुकट वेबसाइट आणि एक दिवस कोर्टहाऊस. त्यामागे जायचं असेल तर रिचमंडला किमान तीन-चार दिवस, आणि डोळ्यांसाठी चांगला चष्मा. आणि "योगाव्हिलला जाताना वाटेत कोर्टहाऊसही उरकू" असं मनात असेल तर आधी वार बघा. आपण आश्रमात जातो शनिवार-रविवारी, आणि क्लार्कचं ऑफिस नेमकं तेव्हाच बंद असतं.