जीएलसी ३०० की २२०डी: पेट्रोल-डिझेलचा खरा हिशेब

मर्सिडीज जीएलसी घ्यायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: पेट्रोलची ३०० की डिझेलची २२०डी? गाडी तीच, चाकणला जुळवली जाणारी. नऊ गिअरचा ऑटोमॅटिक तोच, चारही चाकांना ताकद, दोन्हींत ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी छोटी विजेची मोटर. ३०० मध्ये २५८ अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, २२०डी मध्ये १९७ आणि ४४०. ऑगस्ट २०२३ मध्ये ही पिढी भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किमती ७३.५ आणि ७४.५ लाख होत्या. एका लाखाचा फरक पाहून लोक म्हणतात, डिझेलच घेऊ, ॲव्हरेज जास्त. पण वैयक्तिक नावावर घेणाऱ्याला तो फरक अडीच लाखांच्या पुढे जातो.

हा वाढीव खर्च आरटीओत होतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स लागतो, डिझेलला १५. वरच्या किमती धरल्या तर ३०० ला साधारण ९.५५ लाख आणि २२०डी ला ११.१७ लाख. किमतीतला एक लाख आणि टॅक्समधले १.६२ लाख मिळून डिझेल २.६२ लाखांनी महाग पडते. कंपनीच्या नावावर पासिंग केलं तर दोन्हींना २० टक्के, त्यामुळे फरक १.२ लाखांवर येतो. मात्र टॅक्सचा आकडाच पावणेचार ते पाच लाखांनी फुगतो आणि अशा गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, हीही सहसा मिळत नाही. त्यामुळे कंपनीच्या नावाचा निर्णय सीएला विचारूनच घ्यावा. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींना, पेट्रोल असो वा डिझेल, ४० टक्के जीएसटी आहे. किमती बदलल्या, रीत तीच. हातात असलेलं कोटेशन यात घालून पाहा.

आता चालवण्याचा खर्च. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचे आकडे प्रयोगशाळेतले असतात, ते दोन गाड्यांची तुलना करायला ठीक. खालचे रस्त्यावरचे आकडे एसी चालू, दोन-तीन माणसं आणि हलक्या पायाने चालवणारा चालक धरून आहेत.

| | ३०० पेट्रोल | २२०डी डिझेल |
|---|---|---|
| एआरएआय, किमी/लिटर | सुमारे १४.७ | सुमारे १९.४ |
| शहरातल्या गर्दीत | ७ ते ९ | १० ते १२ |
| हायवेला ताशी १०० | १२ ते १३ | १६ ते १७ |
| हिशेबासाठी सरासरी | ९.५ | १३.५ |
| मुंबईतला दर, २०२५, अंदाजे | १०४ रु. | ९० रु. |
| प्रति किमी इंधन | १०.९५ रु. | ६.६७ रु. |

डिझेलच्या बाजूला ॲडब्लूचे, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करायला वेगळ्या टाकीत भरायच्या युरियाच्या द्रावणाचे, दहा पैसे वाढवा. दर हजार किमीला साधारण एक ते दीड लिटर लागतं, लिटरला ७५ रुपये धरले आहेत. म्हणजे किमीमागे बचत ४.१८ रुपये. २.६२ लाख भागिले ४.१८, उत्तर सुमारे ६३,००० किमी. वर्षाला २०,००० किमी पळणाऱ्याचे पैसे तीन वर्षांच्या थोडं पुढे वसूल होतात. १०,००० किमीवाल्याला सहा वर्षांहून जास्त लागतात, आणि गाडी कर्जावर असेल तर त्याहूनही जास्त: २.६२ लाखांवर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षीचं व्याज साडेतेवीस हजार, आणि इंधनात वाचलेले जेमतेम ४२ हजार.

वेगाचा मुद्दा शोरूममध्ये कोणी काढत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. समृद्धीवर १२० ने गेलात तर १०० च्या मानाने हा विरोध ४४ टक्के जास्त, आणि जीएलसीसारख्या उंच गाडीला तो सोसावाच लागतो. टाकी दोन्हींची ६२ लिटरची. समृद्धी ७०१ किमीची आहे. डिझेल ती एका टाकीत आरामात संपवते, पेट्रोलने मध्ये पंपावर थांबण्याची तयारी ठेवावी. काँक्रीटवर टायर तापतात, म्हणून निघण्याआधी हवा थंड टायरात तपासायची आणि गाडी भरलेली असेल तर गाडीवरच्या हवेच्या दाबाच्या लेबलवरचा जास्तीचा आकडा घ्यायचा.

डिझेल कोणी घेऊ नये? ज्याचा रोजचा फेरा पाच-सात किमीचा आहे त्याने. बीएस६ डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्यात साचलेली काजळी जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं. त्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं. वांद्र्याहून बीकेसी आणि परत, एवढ्यात हे काम पुरं होत नाही. दर वेळी मध्येच इंजिन बंद झालं की अर्धवट जळालेली काजळी राहते आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर कारण बहुधा हेच. तसंच चालवत राहिलात तर पातळ ऑइलने टर्बोचं बेअरिंग झिजतं. जळणाचं काम चालू आहे हे ओळखता येतं: आयडलिंगला आरपीएम थोडा चढा, तात्कालिक ॲव्हरेज अचानक पडलेलं, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरतोय. अशा वेळी गाडी बंद न करता मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० ते ८० ने २०-२५ मिनिटं न्यावी. आठवड्यातून एकदा पनवेल किंवा लोणावळ्याची फेरी होत असेल तर ही काळजी मिटते. फिल्टरचा दिवा दुर्लक्षून चालवलं तर वर्कशॉपमध्ये सक्तीचं रिजनरेशन, म्हणजे काजळी जाळण्याचं हेच काम, करावं लागतं, आणि त्याने भागलं नाही तर फिल्टर बदलायचा.

ॲडब्लू घेताना बादलीवर आयएसओ २२२४१ आणि तारीख पाहा. उन्हात पडलेली बादली घेऊ नका. ॲडब्लूची टाकी पूर्ण रिकामी झाली तर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. पंपावरच्या पोऱ्याने ॲडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर इग्निशनसुद्धा चालू करायचं नाही, गाडी टो करूनच न्यायची.

पेट्रोलवाल्याच्या वाट्याला ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. २० टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, ॲव्हरेजही त्याच वाटेने जातं. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाकून ते भरून काढायचा प्रयत्न पैशाच्या दृष्टीने आतबट्ट्याचा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, रिकाम्या जागेतल्या हवेतली ओल इथेनॉल ओढून घेतं.

बाकी खर्च जवळपास सारखे. सर्व्हिसिंग १५,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. डिझेलला कमी राखेचं ऑइलच हवं, नाहीतर डीपीएफमध्ये राख साठते आणि ती जळत नाही. चारही चाकांना ताकद असल्याने एकच नवा टायर टाकून भागवू नये. पुढच्या-मागच्या टायरांच्या घेरात फरक पडला की ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, ताण येतो. थर्ड पार्टी विमा १५०० सीसीवरच्या दोन्हींना २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने विम्यात इंजिन प्रोटेक्टचं जादा कवच घ्यावंच, साचलेल्या पाण्यात इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते येत नाही.

मात्र खरा मोठा खर्च इंधनाचा नाहीच. विम्याच्या तक्त्याने पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरली जाते. ७४ लाखांवर ३७ लाख, म्हणजे वर्षाला ७.४ लाख. १०,००० किमी चालवणाऱ्याला घसारा किमीमागे ७४ रुपये पडतो, आणि डोकं मात्र चार रुपयांच्या बचतीसाठी खपवलं जातं. ॲव्हरेजची एवढी फिकीर असेल तर दोन-तीन वर्षं वापरलेली, कंपनीची पूर्ण सर्व्हिस हिस्ट्री असलेली गाडी पाहणं जास्त शहाणपणाचं. तिथे २२०डी असेल तर स्कॅनरवर डीपीएफमधली काजळी आणि राख दोन्ही वाचून घ्यावी, मागच्या दोन रिजनरेशनमधलं अंतर विचारावं आणि ऑइलची पातळी बघावी. तीन वर्षांत जेमतेम १५,००० किमी झालेली डिझेल दिसली तर ती शहरातच घुटमळलेली असण्याची शक्यता जास्त. तेवढ्याच किमीची पेट्रोल खुशाल घ्यावी, फक्त बॅटरी आणि टायरवरचं उत्पादनाचं वर्ष पाहून.