बस्तर की गडचिरोली?

नागपूरच्या मैत्रिणीला हिवाळ्यात जंगल बघायचंय, पण छत्तीसगडमधलं बस्तर आणि आपलं गडचिरोली, ही दोन्ही नावं काढली की घरचे 'नक्षलवादी भाग' म्हणून घाबरतात. जाण्यासारखं दोन्हीकडे आहे, हे माझं ठाम मत.

सुरक्षितता: ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने गडचिरोलीत शरणागती पत्करली, तेव्हापासून चित्र बरंच बदललंय. तरी आतल्या रस्त्यांवर दिवसाच प्रवास करा आणि निघण्याआधी स्थानिक पोलिसांना विचारा. बस्तरमधलं जगदलपूर शहर आणि चित्रकोट, तीरथगढ हे धबधबे, या पट्ट्यात पर्यटकांची वर्दळ जुनी आहे, तिथे ही धास्ती कमी.

प्रवास-मुक्काम: जगदलपूरला रेल्वे आहे, हॉटेलं आहेत. गडचिरोली जिल्ह्यात जुनं रेल्वे स्टेशन एकच, वडसा. भामरागडला जायचं तर स्वतःची गाडीच बरी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो.

बघायला काय: बस्तरमध्ये इंद्रावतीवरचा चित्रकोट, बारसूरची मंदिरं, कांगेर खोऱ्यातली कुटुमसर गुहा (पावसाळ्यात बंद), आणि ७५ दिवस चालणारा दसरा. गडचिरोलीत वैनगंगेकाठचं मार्कंडा मंदिर, कमलापूरच्या हत्ती कॅम्पातले हत्ती, भामरागडचा तीन नद्यांचा त्रिवेणी संगम. शिवाय हेमलकसा. १९७३ पासून तिथे माडिया आदिवासींसाठी आमटे कुटुंबाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं जे काम चाललंय, ते मुलांना दाखवायलाच हवं. फक्त ते प्रेक्षणीय स्थळ नव्हे, आधी कळवून जा. आणि दोन्हीकडे, न विचारता कुणाचे फोटो काढू नका.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील, पहिलीच वेळ असेल, तर बस्तर. गैरसोय चालणार असेल आणि आपल्याच राज्याचा हा कोपरा समजून घ्यायचा असेल, तर गडचिरोली.